जळगावात परदेशी कपड्यांचं दुकान : काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

जळगावात नव्याने उघडलेल्या या परदेशी साखळीच्या दुकानातून पुरुषांची जीन्स किंवा सुती पँट घ्यायची असेल, तर तळाला दोन-चार इंच कापावे लागणार हे धरूनच चला. आतली लांबी ३२ ते ३४ इंच ठेवलेली असते आणि आपल्याकडच्या साडेपाच फुटी माणसाला २९-३० इंच पुरते. कापणं अवघड नाही, पण कुठली पँट कापायची ते बघावं लागतं. खाली निमुळती होत गेलेली पँट तीन इंच कापली की बॉटम रुंद होतो, शिवाय गुडघ्यासाठी दिलेला आकार मुळातच आपल्या गुडघ्याच्या खाली आलेला असतो. अशी पँट कितीही आवडली तरी सोडा. सरळ घेराची घ्या, तिचं काही बिघडत नाही. जीन्सच्या तळाची मूळ दुमड धुलाईने फिकट झालेली असते. ती तशीच ठेवून वर जोड मारायला टेलरला सांगा, नाहीतर कापलेला तळ नवा आणि बाकी पँट जुनी असं दिसतं. आणि नवी पँट दुकानातून थेट टेलरकडे नेऊ नका. सुती कापड पहिल्या धुण्यात दोन-तीन टक्के आटतं, म्हणजे ३० इंचांत जवळपास एक इंच. आधी धुवा, वाळवा, मग माप द्या.

कंबरेचं गणित याहून महत्त्वाचं आहे. आपला टेलर पँटच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच दाब सोडतो. पोट सुटलं की उसवून वाढवता येतं, आणि एकच पँट सात-आठ वर्षं चालते ती त्याच जोरावर. कारखान्यातल्या पँटला, विशेषतः जीन्सला, आत जेमतेम एक सेंटिमीटर कापड असतं, तेही ओव्हरलॉक मारून (कड धाग्याने गुंडाळून) कापलेलं. तिथे वाढवायला काहीच नाही. म्हणून दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या. कंबर दीड इंचापर्यंत आत घेता येते. त्यापुढे गेलात की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडायला येतात. शर्टाचंही असंच आहे. लांबी आणि बाजू कमी होतात, पण खांदा उतरलेला असेल तर हात लावू नका. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवा, मुंढा (बाही जोडायचा घेर) नव्याने कापा, पुन्हा बाही चढवा. त्या मजुरीत भर घालून नवा शर्ट शिवून होईल.

कापड आणि शिलाईच्या धंद्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या नजरेने हे परीक्षण लिहिलं आहे. दुकानाचं नाव मुद्दाम टाळलं, कारण यातलं बहुतेक सगळं अशा कुठल्याही साखळीला लागू पडतं. अशा परदेशी साखळ्यांपैकी झारा भारतात आली २०१० ला, एच अँड एम २०१५ ला, युनिक्लो २०१९ ला, आणि तिघींचंही पहिलं दुकान दिल्लीत. खानदेशातल्या पोरांनी असले कपडे पाहिले ते पुण्यात शिकायला गेल्यावर, नाहीतर मोबाइलवर. त्यामुळे उद्घाटनाची गर्दी अगदी समजण्यासारखी आहे. अमळनेर, पारोळा, चोपडा, भुसावळ, सगळीकडून माणसं येत आहेत. त्यांच्या प्रतिक्रिया ऐकल्या तर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर येतात. मोठ्या वयाच्या बाया कापड चिमटीत धरतात आणि म्हणतात, "कापड पातय शे." तरुण म्हणतात, फिटिंग एक नंबर. दोघंही खरं बोलतात.

आधी पातळ कापडाचं. टी-शर्टचं होजिअरी कापड वजनावर मोजतात, एका चौरस मीटरला किती ग्रॅम त्यावर. त्यालाच धंद्यात जीएसएम म्हणतात. १४०-१५० चं कापड पातळ, १८० चं मध्यम, २२० च्या वरचं जाड. दुकानात हा आकडा लिहिलेला नसतो. हात टी-शर्टच्या आत घाला आणि उजेडाकडे धरा. बोटांच्या फटी मोजता आल्या तर कापड दीडशेच्या आसपासचं समजा. पण पातळ म्हणजे वाईट, ही समजूत खानदेशात तरी सोडायला हवी. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना दीडशेचा शुद्ध सुती टी-शर्ट अंगाला जे सुख देतो ते दोनशे वीसचा देणार नाही. पातळ असून त्यात निम्मं पॉलिएस्टर असेल तर मात्र तो घामाने पाठीला चिकटून बसतो. बाजूच्या शिवणीत आतून बारीक पट्टी असते, तिच्यावर धाग्यांची टक्केवारी छापलेली असते. किमतीच्या आधी ती पट्टी वाचा. उन्हाळ्यासाठी कॉटन शंभर टक्के किंवा त्याच्या जवळपास बघा. व्हिस्कोस लिहिलेलं असेल तर स्पर्श थंड आणि मऊ लागेल, पण ओलं झाल्यावर तो धागा कमजोर पडतो. घासून, आपटून, पिळून धुण्याची सवय असलेल्या घरात तो टिकत नाही.

टी-शर्टची दुसरी परीक्षा दुकानातच करा. खांदे जुळवून उभा धरा आणि बाजूची शिवण वरून खाली बघत या. ती तळाशी पोटाकडे सरकलेली दिसली तर सुताचा पीळ कापडात राहिला आहे. दोन-चार धुण्यांत शिवण आणखी फिरते आणि अंगावर टी-शर्ट कायम वाकडा बसतो. यावर टेलरकडेही इलाज नाही. शिवण नव्यातच बोटभर हललेली असेल तर तो नग तिथेच ठेवा आणि त्याच रंगातला दुसरा बघा. एकाच ढिगातल्या दोन नगांतही फरक सापडतो.

रंगाचं आपल्याकडे जास्त बघावं लागतं. बोअरच्या जड पाण्यात साबण फेसत नाही, मग लोक पावडर वाढवतात, घासणं वाढतं आणि गडद रंग लवकर विटतो. पांढरा रुमाल थोडा ओला करून शिवणीच्या आतल्या बाजूला आठ-दहा वेळा घासा. गडद निळ्या जीन्सचा थोडा रंग येणारच; लाल आणि काळ्याचा भरभरून आला तर घेऊ नका. स्ट्रेच जीन्समध्ये एक-दोन टक्के इलास्टेन असतं, ते रबरासारखं काम करतं आणि उष्णतेने मरतं. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वाळवली, वरून कडक इस्त्री फिरवली, की वर्षाच्या आत गुडघ्याला फुगे येतात. उलटी करून सावलीत वाळवली तर तीच जीन्स बराच काळ धड राहते.

शर्टाच्या बटणांकडे घरी आल्यावर बघा. बरीच बटणं मशीनवर एकाच धाग्याच्या साखळी टाक्याने लावलेली असतात. मागे लोंबणारं टोक चुकून ओढलं गेलं की सगळा टाका सरसर उसवतो. पहिल्या धुण्याआधी प्रत्येक बटणाला सुईने चार टाके मारून गाठ घाला. दहा मिनिटांचं काम आहे.

मापांचा गोंधळ बहुतेक सगळ्यांचा होतो. लेबलवर ३८ किंवा ४० दिसलं म्हणजे ती छाती इंचात आहे असं नाही. स्त्रियांच्या कपड्यांवर बहुधा तो युरोपीय साइजचा क्रमांक असतो, इंचांशी त्याचा संबंध नाही. लेबलवर सेंटिमीटर शोधा आणि २.५४ ने भागा. ९७ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३८ इंच. तेही अंगाचं माप असतं, कपड्याचं नाही. ढगळ कटचा मीडियम आपल्याकडच्या लार्जइतका निघतो, म्हणून अंगावर चढवून बघणं टाळू नका. रविवारी संध्याकाळी ट्रायल रूमसमोर रांग असते आणि रांगेच्या भीतीने माणसं अंदाजाने कपडे उचलतात. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी, दुकान उघडल्या-उघडल्या जावं.

स्त्रियांच्या विभागाबद्दल खानदेशातल्या गिऱ्हाइकांची तक्रार रास्त आहे. टॉप कंबरेवरच संपतात, मुंढे खोल, गळे मोठे. आपल्याकडच्या स्लीव्हलेस कुर्तीच्या आत बाह्यांचं कापड वेगळं टाचलेलं मिळतं, हवं तर लावून घ्या म्हणून. इथे तसं काही नाही, आणि नंतर त्याच रंगाचं कापड शोधायला गोलाणी मार्केट आणि फुले मार्केट पालथं घातलं तरी छटा जुळत नाही. कुर्त्या आहेतच थोड्या, आणि ज्या आहेत त्या आपल्या ओळखीच्या दुकानात जास्त प्रकारांत मिळतात. ढगळ सुती शर्ट मात्र कॉलेजच्या मुलींना आणि नोकरदार बायकांना पसंत पडलेत, आणि कापड व शिलाई बघता त्यांची निवड बरोबर आहे.

या दुकानात डोळे झाकून घ्यावेत असे कपडे लहान मुलांचे. इथे साइज वयावर सोडलेली नाही, उंचीवर आहे : ९२, ९८, १०४, ११०, ११६, म्हणजे सहा-सहा सेंटिमीटरची पायरी. घरी मुलाला भिंतीला टेकवून उंची मोजा आणि पुढची पायरी घ्या. १०१ भरली तर १०४, आणि वर्षभर पुरायला हवं असेल तर ११०. चड्डी-पँटच्या कंबरेत आतून पट्टीचं इलॅस्टिक असतं, त्याला ओळीने काजं असतात आणि दोन्ही बाजूंना एकेक बटण. मूल बारीक असेल तर इलॅस्टिक ओढून आतल्या काजात बटण अडकवा, वाढेल तसं एकेक काज सोडत जा. पँट घसरत नाही, पोटाला वळही उठत नाही. इतक्या साध्या सोयीसाठी आपले उत्पादक का थांबलेत, हे खरंच कळत नाही.

लग्नाच्या बस्त्यासाठी इकडे वळू नका. साडी-लुगडं, मानाचे टॉवेल-टोपी, यातलं इथे काहीच नाही, आणि बस्त्याला सुरतेची गाडी किंवा गावातलं जुनं दुकान आहेच. तिथे गादीवर बसवून तागे उलगडून दाखवतात, भाव होतो, ओळखीवर उधारीही होते, आणि कापसाचे पैसे आले की खातं मिटतं. इथे टॅगवरचा आकडा शेवटचा. "आठे भाव व्हस नही का?" असं विचारणाऱ्यांना काउंटरवरची पोरं हसून नाही म्हणतात. पोरं इथलीच आहेत, अदबीने बोलतात, पण कापडाबद्दल विचारलं तर रॅक दाखवतात. आहेरालाही इथला शर्ट देऊ नका. माप चुकलं तर बदलण्यासाठी पाचोऱ्याच्या पाहुण्याने बिल घेऊन जळगाव गाठायचं का?

बिलाबद्दल. टॅगवरच्या एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, वर वेगळा लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्याच्या एका नगाची करापूर्वीची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. भारी जॅकेट एकदम महाग वाटतात त्याचं एक कारण हेही. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही असं सांगितलं तर नम्रपणे नकार द्या. नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. पिशवी घरून न्या. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो. ही तरतूद परदेशी दुकानाला आहे तशी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावणाऱ्या गावातल्या दुकानालाही आहे.

"परदेशी दुकान, मग लेबलवर मेड इन इंडिया कसं?" हा प्रश्न अनेकांना पडतो. फसवणूक नाही. ५१ टक्क्यांहून जास्त परदेशी भांडवल असलेल्या एका ब्रँडच्या दुकानदारीला ३० टक्के खरेदी भारतातून करण्याची अट आहे, आणि होजिअरीचा मोठा माल तमिळनाडूतल्या तिरुपूरला शिवला जातो. लेबल फक्त शिलाईचा देश सांगतं, कापूस कुठला ते सांगत नाही. जिल्ह्यातल्या जिनिंगमधून (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातून) बाहेर पडलेली कापसाची गाठ सूत होऊन, कापड होऊन इथल्याच रॅकवर आली असेल तरी ते कळायला मार्ग नाही. अमळनेरची प्रताप मिल ही कापड गिरणी चालू असताना कापूस आणि कापड एकाच तालुक्यात होतं. म्हणून हे लेबल वाचताना इथल्या जुन्या माणसांचा हात जरा जास्त वेळ रेंगाळतो.

खरेदी कधी करावी, तर साखळीच्या वेळापत्रकावर. सप्टेंबरअखेर, म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबर हीट तापायच्या बेतात असताना, रॅकवर स्वेटर आणि जॅकेट चढतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुती कपड्यांची खरी गरज असते तेव्हा किंमत पूर्ण असते. सूट मिळते ती हंगामाच्या शेवटी, साधारण जून-जुलैत आणि डिसेंबर-जानेवारीत. खानदेशात जानेवारीतही पहाटेची थंडी बोचते, त्यामुळे त्या सेलमधलं जॅकेट त्याच हिवाळ्यात अंगावर येतं. मुलांसाठी घेताना तेव्हा एक नव्हे, दोन पायऱ्या मोठं घ्या, म्हणजे पुढच्या हिवाळ्यातही होईल. जूनच्या सेलमध्ये मधली मापं पहिल्याच आठवड्यात उडतात; उरतात त्यात फार लहान किंवा फार मोठी असतात, आणि मोठी घेऊन आत घेण्याचा विचार असेल तर आधी खांद्याची शिवण बघा.