आरएक्सचा क्रँक: जुनाच बांधून घ्यायचा की तयार नवा टाकायचा?

पोर्टिंग करायचं (सिलिंडरची भोकं घासून मोठी करायची) आणि चेंबर (ताकद वाढवणारा फुगीर सायलेन्सर) लावायचा हे एकदा ठरलं की आपल्याकडे लगेच जेटची, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाची, चर्चा सुरू होते. पिस्टनच्या वर-खाली होण्यातून चाक फिरवणारा शाफ्ट म्हणजे क्रँक; त्याची आठवण येते ती इंजिन जाम झाल्यावर. यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० वर काही चढवण्याआधी खालचं काम भक्कम करून घ्यावं, एवढं तुम्हाला पटलेलं आहे असं धरून लिहितो. समोर दोन रस्ते आहेत. एक, मूळ क्रँक प्रेसवर उघडून त्यात नवं रॉड किट (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, त्याची पिन आणि बेअरिंग) घालायचं, तो डायलवर (वाकडेपणा मोजणाऱ्या काट्याच्या गेजवर) सरळ करायचा आणि वाटलं तर पिनेला वेल्डिंगचे टाके मारायचे. दुसरा, बाजारातला तयार क्रँक आणून बसवायचा. मी दोन्ही वापरलेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमची गाडी आणि तुमचा मेकॅनिक वेगळा, हे धरून वाचा.

मुळात घाई का करायची नाही ते आधी. रॉड आणि पिनेवरचा ओढीचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७५०० ला पूर्ण ताकद देणारं इंजिन चेंबर लावून ९५०० पर्यंत पळवलं, तर आरपीएम सव्वापटीच्या जरा वर जातं, ताण मात्र १.६ पट होतो. आणि हा क्रँक अखंड नाही. दोन चकत्या आणि मधली पिन नुसती दाबून बसवलेली असते. ना बोल्ट, ना चावी. पिस्टन सिलिंडरात क्षणभर जरी धरला, म्हणजे जाम झाला, तरी मागचं चाक ढकलतच राहतं, आणि एक चकती पिनेवर केसभर फिरते. गाडी थंड झाली की पुन्हा चालू होते, म्हणून आपण खूश. पण तेव्हापासून दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत नसतात. आधी फूटरेस्टला झिणझिण्या येतात, मग मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज करणाऱ्या, क्रँकच्या टोकावरच्या चाकाच्या) बाजूचं सील जातं, तिथून हवा ओढली जाते, मिश्रण लीन पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, आणि पिस्टन परत धरतो.

आता तयार क्रँक. त्याची बाजू भक्कम आहे. सकाळी इंजिन खोललं तर संध्याकाळी बांधून होतं. पिन, रॉड, चकत्या सगळं नवं. लेथवाल्याच्या मागे फिरायला नको. शेवटची आरएक्स १०० निघाली १९९६ साली, म्हणजे मूळचा सगळ्यात तरुण क्रँकसुद्धा तिशीच्या आसपासचा. त्याला कुठवर ताणायचं, हा प्रश्न रास्त आहे. खर्चाचं म्हणाल तर चांगलं रॉड किट, प्रेसची मजुरी आणि वेल्डिंग धरलं की दोन्हींत फार अंतर उरत नाही. फक्त डब्यातून निघालेला नवा क्रँकही डायलवर लावून बघा. यामाहाच्या जुन्या मॅन्युअलमध्ये शाफ्ट फिरवताना ०.०३ मिमीपर्यंतच आउट (शाफ्टचं डोलणं) चालतो असं दिलेलं असतं. वाटेत आपटलेला माल त्याच्या बाहेर गेलेला असू शकतो.

माझं बिनसलं ते मात्र मॅग्नेटच्या टेपरवर. मॅग्नेटला क्रँकवर धरून ठेवतो तो टेपर, म्हणजे शाफ्टचं निमुळतं टोक. ती अर्धचंद्राकृती चावी फक्त जागा दाखवायला असते, भार घ्यायला नाही. मी टाकलेल्या क्रँकचा टेपर माझ्या मूळ मॅग्नेटशी पूर्ण जुळत नव्हता. मार्करची शाई लावून मॅग्नेट दाबून बघितला, तर शाई फक्त तोंडाशी पुसली गेली, आतली तशीच कोरडी. म्हणजे नट कितीही आवळा, पकड बोटभर जागेवरच. गावात गाडी झकास चालायची. जळगावहून चाळीसगाव, पुढे कन्नडचा घाट अशी लांब ओढ झाली, की चढावर ताकद गेल्यासारखी वाटायची आणि घाटमाथ्यावर किक उलटी मारायची. कव्हर उघडलं की चावीची कड चेपलेली आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकलेलं. मग पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं अवजार) लावा, मॅग्नेट काढा, वॉल्व्ह घासायची पेस्ट लावून टेपर घासा, चावी बदला, परत आवळा. घासल्याने सुधारलं, नाही असं नाही. पण पुरतं कधी बसलं नाही. लांब निघायचं म्हणजे पुलर सोबत बांधायचा, हे कोणाला सांगावं? आणि इंजिनाची ताकद वाढवायची, तर टायमिंग तेवढंच हलतं ठेवून कसं चालेल?

सगळे तयार क्रँक असेच असतात असं मी म्हणणार नाही. मित्राच्या गाडीत दुसऱ्या ठिकाणचा बसवलाय, तो निमूट चालतोय. पण दुकानात उभ्याने टेपर जुळतो का हे कळत नाही, आणि आपला मॅग्नेट पिशवीत घालून दुकानात जाणारे थोडेच. तुम्ही मात्र जा. शाई लावा, बघा, मगच पैसे द्या.

जुना क्रँक आणि जुना मॅग्नेट यांची जोडी जमलेली असते. तिथे हा घोळच नाही. अडचण माणूस शोधण्याची. रॉड टाकून देतो म्हणणारे धुळ्यात, जळगावात गल्लोगल्ली आहेत, पण चकत्यांवर पट्टी टेकवून नजरेने सरळ करणारे जास्त आणि डायल लावणारे कमी. भुसावळला रेल्वेमुळे लेथवर हात बसलेली जुनी माणसं अजून भेटतात, तिकडे विचारून बघा. माझं काम धुळ्याकडच्या एकाने केलं. त्याने रॉड वर-खाली ओढून बघितला, चकतीची कड बोटाने चाचपली आणि म्हणाला, "भो, तुना क्रँक नामी शे, रॉडच गया." काम सांगण्याआधी एवढंच विचारा: आउट किती आला ते मला डायलवर दाखवाल का? चिडला तर उठा.

तपासताना एक गल्लत हमखास होते. रॉडचं वरचं टोक आडवं हलतं म्हणून क्रँक गेला असं सांगतात. आडवं तो थोडा हलणारच. मॅन्युअल २ मिमीपर्यंत चालवून घेतं. वर-खाली कटकट जाणवली तर मात्र बेअरिंग संपलं.

वेल्डिंगचं वेड आपल्याकडे आलं ते परदेशी एटीव्हीवाल्यांकडून, म्हणजे रस्ता नसलेल्या जागी पळवायच्या चारचाकी मोटारसायकलवाल्यांकडून. यामाहाची बॅन्शी अमेरिकेत १९८७ ते २००६ विकली गेली; दोन सिलिंडरची, बोअर-स्ट्रोक आपल्या राजदूत ३५० चाच, ६४ गुणिले ५४. तिथे एक पिस्टन वर असताना दुसरा खाली, आणि क्रँक मध्ये कुठे फिरला तर दोन सिलिंडरांचं एकमेकांशी टायमिंगच बिघडतं. त्यामुळे ते ताकद वाढवण्याआधी पिना वेल्ड करून घेतात. राजदूतवाल्यांनी हे जसंच्या तसं उचलायला हरकत नाही. आपल्या एका सिलिंडरला ते तितकं अटळ नाही. पिन नीट घट्ट बसलेली असेल तर पोर्टिंग आणि चेंबरपुरतं बिनवेल्डचंही निभतं असं मला वाटतं. मी टाके मारून घेतले ते पिस्टन कधी धरलाच तर क्रँक फिरू नये म्हणून.

टाके मारायचेच तर आधी क्रँक पूर्ण सरळ करून घ्या. वेल्ड झाल्यावर तांब्याच्या हातोड्याने काही हलत नाही. टिगनेच (बारीक, आटोक्यातल्या आचेच्या वेल्डिंगनेच) करा. पिनेच्या बाहेरच्या तोंडाशी दोन-दोन छोटे टाके, आलटूनपालटून, मध्ये थंड होऊ देत. अख्खा गोल भरायला गेलात तर पिनेचं पाणी उतरतं. अर्थिंग ज्या चकतीवर वेल्ड करताय तिलाच लावा. दुसरीकडे लावली तर करंट बिग एंडच्या (रॉडच्या पिनेकडच्या टोकाच्या) सुया-बेअरिंगमधून जातो आणि नव्याकोऱ्या किटवर डाग पडतात. मुख्य बेअरिंग नंतर चढवा, आणि शेवटी पुन्हा एकदा डायल. पुढच्या वेळी रॉड बदलताना हे टाके घासून काढावे लागतील, तेवढा जास्तीचा त्रास. मला तो पुलरपेक्षा परवडतो.

एका ठिकाणी मी तयार क्रँकच घ्या म्हणेन. जुन्यात आधीच दोन-तीनदा रॉड बदललेला असेल, तर चकतीचं भोक सैल होतं. प्रेसवाल्याला फारसा जोर न लावता पिन आत गेली, तर तो क्रँक संपला. सैल पिनेला वेल्ड हे औषध नाही. चकतीला रॉडने आतून खोल चर पाडले असतील तरी तेच. मग नवा घ्या, पण टेपर बघून.

कुठलाही टाका, दोन्ही सील नवी आणि बेअरिंग सी-थ्री क्लिअरन्सची (आत नेहमीपेक्षा जरा मोकळी) घाला. इंजिन बांधल्यावर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून केसमध्ये ६ पीएसआय हवा भरून बघा, काटा काही मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. पोर्टला हात रनिंग (नवं काम हळू चालवून बसवणं) पुरं झाल्यावर. आणि जेट मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत लावलं असेल, तर डिसेंबरात एकदा प्लग काढून रंग बघा. थंडीत हवा दाट होते, तेच जेट लीन पडतं. आपल्याकडच्या पहाटेच्या गारठ्यात, मोकळ्या हायवेवर ओढलेल्या आरएक्स अशाच धरतात.