‘केस न कापता’ या तीन शब्दांची किंमत

आमची केशर सहा वर्षांची कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री आहे. गेल्या पावसाळ्यात तिला गोचीड ताप झाला आणि तिच्या प्लेटलेट्स ३८,००० पर्यंत उतरल्या. सुरुवातीचे दिवस सलाईनमध्ये गेले. पुढे डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स सुरू झाला आणि घरातल्या सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहिले, ती म्हणजे ही पोटभर जेवते की नाही. कंगवा तीन आठवडे तिच्या अंगाला लागला नाही. एका कुशीवर पडून राहणे, तोंडातून गळणारी लाळ, सांडलेली पेज आणि पावसाळी दमटपणा यांनी कानांमागे, काखेत, जांघेत आणि गळपट्ट्याखाली अशा गाठी बांधल्या की बोटही आत जाईना. कानांच्या लांब झालरीची तर एकसंध जट झाली होती.

आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते, ‘प्लेटलेट्स लाखावर जाऊ द्या, मग मशीनने सगळे केस काढून टाकू. तोवर कात्री लावू नका आणि अंघोळही घालू नका.’ सल्ला सरळ होता आणि त्याचे त्यांनी वेगळे पैसेही घेतले नव्हते. मला मात्र तो आवडला नाही. आजाराने आधीच अर्धी झालेली केशर भादरलेली पाहण्याची माझी तयारी नव्हती. शिवाय तिची ही अवस्था माझ्याच हलगर्जीपणाने झाली आहे, अशी एक शरमही मनात होती. या दोन गोष्टी नसत्या, तर पुढचे काही घडले नसते असे मला वाटते.

सोसायटीतील एका ओळखीच्या बाईंनी पुढे पाठवलेल्या संदेशातून त्या गृहस्थाचा पत्ता लागला. घरी येऊन आजारी कुत्र्यांची निगा राखतो, केस न कापता कितीही जुना गुंता सोडवतो, असा त्याचा दावा होता आणि सोबत ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे होती. फोनवर तो अतिशय अदबीने बोलला. ‘ताई, डॉक्टर लोकांना वेळ नसतो, म्हणून ते सरसकट भादरून टाकतात,’ हे त्याचे वाक्य मला तेव्हा पटले, कारण मला नेमके तेच ऐकायचे होते. घरी येण्याचे ८०० रुपये आणि ‘गुंत्याप्रमाणे’ पुढचे, असा दर त्याने सांगितला. गुंत्याप्रमाणे म्हणजे काय, हे मी विचारले नाही. १,५०० रुपये आगाऊ पाठवले.

आल्याबरोबर त्याने केशरला एक गोळी चारली. मी विचारले, तेव्हा ‘साधी शांत राहण्याची आहे, काही होत नाही’ असे म्हणून वेष्टन खिशात टाकले. पंधरा-वीस मिनिटांत तिची मान लुळी पडली. त्यानंतर तिला कोमट पाण्याने भिजवून त्याने एका बाटलीतले तेलकट, उग्र वासाचे द्रव्य चोळले. मग गाठ सोडवण्याआधी ती बोटांनी फाडून तिचे तीन-चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा, असे काम सुरू झाले. मोठी गाठ फोडून सोडवणे ही खरीखुरी पद्धत आहे. म्हणूनच ही मोजणी अशी का चालली आहे, ते माझ्या लक्षात यायला उशीर लागला. दर एका गाठीला ८० रुपये होता आणि गाठी भरल्या ६१.

‘केस न कापता’ ही प्रतिज्ञा काखेपर्यंत टिकली. तिथली गाठ सुटेना, तेव्हा त्याने कात्री काढली. घट्ट गाठीत कातडी वर ओढली जाते आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली, हे डोळ्यांना दिसत नाही. कात्री कातडीत शिरली. जखम नखाएवढी होती, पण प्लेटलेट्स कमी असलेल्या जनावराचे रक्त लवकर थांबत नाही. मी कापूस दाबून बसले असताना त्याने हिशेब मांडला: घरभेट ८००, गाठींचे ४,८८०, बाटलीचे ९५०, गोळीचे २००, एकूण ६,८३० रुपये. आगाऊ रक्कम वजा जाता उरलेले ५,३३० आत्ताच द्या, म्हणाला. कुत्री अर्धी ओली, अर्धी गुंगीत, मांडीवर रक्त सांडते आहे आणि समोरचा माणूस दारात उभा आहे, अशा वेळी कोणी घासाघीस करत नाही. मी फोनवरून पैसे पाठवले. पावती मागितली, तर ‘संध्याकाळी पाठवतो’ असे उत्तर मिळाले. ती संध्याकाळ अजून उजाडलेली नाही.

केशर रात्री उशिरापर्यंत झोपून राहिली. सकाळी केस वाळले, तेव्हा उरलेल्या गाठी आदल्या दिवसापेक्षा घट्ट झाल्या होत्या. ओली लोकर दाबली की नमदा होतो, तसेच जटांचे होते. म्हणूनच डॉक्टरांनी अंघोळीला मनाई केली होती. बाटलीवरचे चकचकीत लेबल कोपऱ्यातून सुटले होते. ते ओढल्यावर खाली माणसांच्या केसांना लावायच्या सीरमचे लेबल निघाले आणि घटकांत टी ट्री तेल होते. हे तेल चाटण्यात आले तर कुत्र्यांना विषारी ठरू शकते, हे मला त्याच दिवशी दवाखान्यात कळले.

दवाखान्यात त्या दिवशी प्लेटलेट्स ७२,००० भरल्या. आता थांबण्यात अर्थ नव्हता, कारण गाठींखालची कातडी ओलसर आणि लाल झाली होती आणि तेलही अंगावरून काढायचे होते. डॉक्टरांनी जखम दाबून बांधली. नंतर दहा नंबरच्या ब्लेडने, कातडीला समांतर मशीन चालवत सगळे केस उतरवले. ब्लेड तापते, म्हणून डॉक्टर मध्येमध्ये ते स्वतःच्या मनगटाला लावून पाहत होते. गुंगीचे औषध लागले नाही. माझे यजमान तिला धरून बोलत राहिले आणि मी विश्रांतीच्या वेळी उकडलेले चिकन भरवत राहिले. जटेखाली चार जिवंत गोचिड्या सापडल्या, म्हणजे ज्या रोगातून ती उठत होती, त्याचेच बी अंगावर शिल्लक होते. कानांवरचे ओझे उतरल्यावर कुत्रे जोरात डोके झटकते आणि कानाच्या पाळीत रक्त साकळू शकते, म्हणून दोन्ही कान डोक्यालगत सैलसर बांधून दिले. या सगळ्याचे ९०० रुपये झाले.

गोळीबद्दल ऐकून डॉक्टर जास्त चिडले. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावरावर उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. गुंगीची काही औषधे रक्तदाब खाली आणतात आणि अशक्त जनावराला ते झेपत नाही. केस साफ करायला आलेल्या माणसाने गोळी बाहेर काढली, त्याच क्षणी मी त्याला दार दाखवायला हवे होते.

तक्रार करायला बसले, तेव्हा माझ्या हाती काय आहे ते कळले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. परंतु तक्रारीत समोरच्याचे नाव आणि पत्ता लिहावा लागतो. माझ्याकडे पावती नव्हती, पैसे तिसऱ्याच बाईच्या खात्यात गेले होते आणि त्याने सांगितलेल्या ‘केंद्राचा’ पत्ता म्हणजे एक बंद गाळा निघाला. बाटली, दोन्ही लेबले, पैसे पाठवल्याची नोंद आणि दवाखान्याचे कागद मी जपून ठेवले आहेत. तुमच्याकडे असा कोणी येणार असेल, तर दर आणि एकूण खर्चाची मर्यादा आधी लेखी घ्या, पैसे काम झाल्यावर पावतीच्याच नावाने द्या, आणि जनावर आजारी असेल तर त्याला हात लावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांगा. मी हे केले असते, तर तो त्या फोनलाच टळला असता.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीने मला एक संदेश पाठवला. तिच्या मैत्रिणीच्या ल्हासा अप्सोला जटा झाल्या आहेत, हा माणूस कसा आहे, असे तिने विचारले होते. संदेशातले ‘आधी’चे छायाचित्र केशरचे होते, आमच्याच बाल्कनीत, आमच्याच निळ्या टबात. शेजारी ‘नंतर’ म्हणून एक मऊ, झुपकेदार कॉकर स्पॅनियल बसली होती. केशरच्या छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका आहे. त्या दुसऱ्या कुत्रीच्या छातीवर तो नव्हता.