गाडीच्या गंजावर ५४,५०० रुपये गेले, आणि आतून निघालं वर्तमानपत्र

हे लिहायला इतके दिवस लागले कारण लाज वाटत होती. आता कळलंय की ज्याने मला फसवलं त्या गॅरेजवाल्याकडे अजूनही गाड्या जातायत, म्हणून लिहितोय.

गाडी वडिलांची. मार्च २००९ ची नोंदणी, पहिल्या दिवसापासून आमच्याच दारात, म्हणजे कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात. २०२४ च्या मार्चमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होणार, नोंदणीचं नूतनीकरण करायचं, म्हणून त्याआधी बॉडीचं काम उरकायचं ठरवलं. दोन्ही रनिंग बोर्डांवर, म्हणजे दारांखालच्या पोकळ पत्र्यावर, रंगाखाली फोड आले होते, मागच्या चाकांच्या कमानी कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दाबला की करकरायचा. नवीन गाडी घ्या म्हणणारे बरेच भेटले. वडील गेले त्या वर्षीपर्यंत तेच ही गाडी चालवत होते. मला ती विकायची नव्हती, आणि यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

गॅरेजवाला जे बोलला ते सगळं बरोबर होतं. मी फसलो ते त्यामुळेच. सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, तिथे नवा पत्रा मिग वेल्डिंगने बसवायचा. वरवरचा गंज ग्राइंडरने पार चकचकीत पत्र्यापर्यंत काढायचा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा, कारण आपल्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत पुन्हा लाल होतो. जोडांवर सीलंट, मग लांबी (पत्रा सपाट करायला भरतात ती पुट्टी) अगदी पातळ, मग रंग, आणि शेवटी रनिंग बोर्डाच्या पोकळीत आतून मेणाचा फवारा. हे सगळं त्याने मला समजावून सांगितलं. ज्याला इतकं कळतं तो मुद्दाम खोटं काम करेल असं कुणाच्या मनात येईल?

ठरले ४६,५००. २५,००० आगाऊ, यूपीआयने. दहाव्या दिवशी फोन आला, ‘साहेब, पत्रा वाटलं त्यापेक्षा जास्त सडलाय,’ आणखी ८,००० पाठवले. गाडी घेताना २१,५०० रोख. एकूण ५४,५००. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी १८ टक्के वर पडेल. ते ९,८१० रुपये वाचवायला गेलो आणि पुढे प्रत्येक दारात पहिला प्रश्न तोच आला: बिल कुठाय?

गाडी ५ ते २४ फेब्रुवारी त्याच्याकडे होती. ज्या क्षणी कळायला हवं होतं तो क्षण २४ तारखेचा. ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर सैल होतं म्हणून मीच ते निळ्या सुतळीने सीटच्या पायाला बांधलं होतं, दोन गाठी मारून. गाडीत बसलो, सीट पुढे सरकवायला हात खाली घातला आणि त्या गाठी हाताला लागल्या. जशाच्या तशा. सीटच्या बोल्टवर जुनी धूळ तशीच बसलेली. फ्लोअरला वेल्डिंग करायचं तर आधी सीट काढावी लागते, मॅट काढावी लागते, नाहीतर ठिणग्यांनी आग लागेल. हे मला माहीत होतं! तरी मी ती गाठ बोटांत धरून बसलो आणि काहीच बोललो नाही. बाहेरून गाडी आरशासारखी चमकत होती, गॅरेजवाला बाजूला हसत उभा होता, आणि हिशोब पूर्ण करायची घाई झाली होती. रनिंग बोर्डावर टिचकी मारली असती तरी पुरलं असतं. पत्रा टणटण वाजतो, लांबी ठप्प आवाज करते.

मार्चमध्ये नूतनीकरणाला गाडी नेली. ५,००० रुपये शुल्क भरलं. निरीक्षकाने चासी नंबर पाहिला, दिवे, हॉर्न, वायपर पाहिले. खाली वाकून पाहिलंच नाही. पाच वर्षांसाठी गाडी रस्त्यावर चालवायला योग्य, असा सरकारी शिक्का मिळाला.

जुलैत पुन्हा फोड आले. फोन केला तर ‘पाऊस संपू दे, टचअप करून देतो’. ऑगस्टमध्ये टायर पंक्चर झाला. जॅक त्याच्या ठरलेल्या जागी लावला, दोन वेळा फिरवला, आणि जॅक रनिंग बोर्डात सरळ आत घुसला. गाडी धप्पकन खाली आली. माझा मुलगा शेजारी स्टेपनी धरून उभा होता. त्याचा पाय हातभर अंतरावर होता. पैशांचं जाऊ दे, पण हे मी त्या माणसाला कधी माफ करणार नाही.

दुसऱ्या डेंटरने माझ्यासमोर दोन्ही बाजू उघडल्या. पत्रा कुठेच कापलेला नव्हता. गंजावर थेट लांबी, काही ठिकाणी बोटभर जाड. तिला आधार म्हणून बारीक तारेची जाळी, आणि जाळीच्या आत स्पंज आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. लांबी पाणी शोषते, स्पंज ते धरून ठेवतो. शिवाय गॅरेजवाल्याने खालून काळं अंडरकोटिंग फासून पाणी निघायची भोकंसुद्धा बुजवली होती, म्हणजे पावसाचं पाणी आत येत राहिलं आणि बाहेर जायला वाट नाही. नुसता सोडला असता तर पत्रा इतका सडला नसता. तुम्ही कोणाकडूनही अंडरकोटिंग करून घ्या, पण आधी ती भोकं मोकळी आहेत का ते स्वतः वाकून बघा.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, हे आधीच कोणीतरी भरलेलं असणार. गाडीला आधीचा मालकच नाही! आणि एक बोळा उलगडला तर त्यावर तारीख निघाली, १३ फेब्रुवारी २०२४.

तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने हातात घेऊन पाहिलाही नाही. ‘हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा.’ लेखी अर्ज तरी घ्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्तावर आहेत. तीन खेपा झाल्या, तिसऱ्यांदा अर्जावर शिक्का मिळाला, पुढे काही नाही. परिवहन कार्यालयात विचारलं की तुम्ही ही गाडी पास कशी केलीत, तर उत्तर मिळालं, ‘रंगाच्या आतलं आम्ही कसं बघणार?’ लोखंडाला चिकटणारं एक लोहचुंबक ठेवायला काय जातं यांचं? फडक्यात गुंडाळून फिरवलं तरी लांबी जिथे जाड असेल तिथे ते गळून पडतं. तुम्ही जुनी गाडी घेताना किंवा रंगवून आणताना हे कराच. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कुणाकडे असेल तर अजून चांगलं, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल व्हावा. मला आतापर्यंत चार तारखा मिळाल्या. एकदा समोरचा आला नाही, एकदा त्याच्या वकिलाने मुदत मागितली, दोनदा कामकाजच झालं नाही. प्रत्येक तारखेला माझी रजा जाते. आता तज्ज्ञाचा अहवाल आणा म्हणतात. ज्याने गाडी उघडली तो डेंटर म्हणतो, ‘दादा, तोंडी काय हवं ते सांगतो, लेखी मागू नका, आम्हाला याच लाइनीत राहायचंय.’ सगळ्यांना दिसतंय आणि सही करायला कुणी तयार नाही.

म्हणून सांगतो, काम चालू असताना जा, न सांगता जा. प्रायमरच्या आधी उघडा पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. फोटो मागाल तर नंबरप्लेट त्याच फोटोत हवी. कापलेला सडका पत्रा परत मागा, खरं काम केलेला माणूस तो देतो. रोख देऊ नका.

जाळी, स्पंज, लांबीचे तुकडे आणि तो १३ फेब्रुवारीचा कागद मी एका गोणीत ठेवलंय. वजन केलं, ३ किलो ४०० ग्रॅम भरलं. पुढच्या तारखेला गोणी घेऊनच जाणार आहे, आणि टेबलावर ओतणार आहे.