समोर बसून काढून घेतलेलं पोर्ट्रेट: बडोद्यातल्या फतेहगंजच्या स्टुडिओचा अनुभव

साठी झाली म्हणून मुलांनी पोर्ट्रेट करून द्यायचं ठरवलं तेव्हा मी एकच अट घातली: फोटोवरून नको, समोर बसवून काढणारं कोणी असेल तरच. आधी एका दुकानातून फोटोवरून कॅनव्हासवर चित्र करून घेतलं होतं. त्यांनी न विचारता रंग उजळला, हनुवटीखालची वळी पुसून टाकली, पापण्या दाट केल्या. घरी येणारं जो तो विचारायचं, या कोण? ते चित्र आता माळ्यावर आहे.

या वेळी जिच्याकडे गेले ती बडोद्याच्याच फाइन आर्ट्समधून शिकलेली, आपल्याच मराठी घरातली. जाहिरात करत नाही, ओळखीतून येईल तेवढंच काम घेते, म्हणून नाव देत नाही. 24 बाय 30 इंचांच्या तैलचित्राचे 40 हजार, निम्मे आधी. फ्रेमचं आपलं आपण बघायचं.

पहिल्या दिवशी तिने मला काढलंच नाही. चहा झाला, गप्पा झाल्या, मग माझ्या हातात कोळशाचा तुकडा देऊन म्हणाली, ‘‘काकू, चष्मा काढा, डोळे मिटा. डाव्या हाताने चेहरा चाचपा आणि उजव्या हाताने काढत जा. बघायचं नाही.’’ नववी-दहावीला गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, सरळ रेषेशिवाय मी काही काढलेलं नाही. तरी काढलं. डोळे उघडले तर नाक एकीकडे, कान गालावर आणि कपाळावर रुपयाएवढा काळा गोल. मी लावते ती बारीक टिकली, तीही त्या दिवशी लावलेली नव्हती. एवढं मोठं कुंकू आई लावायची. दांडिया बाजारातल्या घरी देवघरासमोर बसून, आधी मेण, मग कुंकू.

तिने अर्थ वगैरे काही सांगितला नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली की मनोविश्लेषक फ्रॉइडचे विचार वाचून 1920 च्या दशकात पॅरिसचे चित्रकार असेच, मनाने आवरायच्या आत हात चालवून, रेषा काढत. त्यातून आलेलं ती कच्चा माल म्हणून ठेवते. तो कागद तिने भिंतीला टाचणीने लावला आणि शेवटपर्यंत तिथेच राहू दिला.

नंतरच्या सिटिंगना ती मला बोलतं ठेवायची. एकदा मध्येच जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, मी गुजरातीत बोलले. थोड्या वेळाने बहिणीचा आला, मराठीत बोलले. फोन ठेवला तर तिने दोन्ही वेळचे चेहरे काढलेले. गुजराती बोलताना माझी उजवी भुवई वर जाते आणि हनुवटी पुढे येते. मराठी बोलताना खालचा ओठ आत ओढला जातो, अगदी धाकट्या बहिणीसारखी दिसते मी. इतकी वर्षं गुजराती माध्यमाच्या शाळेत वर्ग सांभाळला, तो चेहरा तिथे घडला असणार. बडोद्यातल्या मराठी माणसाला या दोन घरांत राहण्याचं काही वाटेनासं झालेलं असतं. मलाही कधी दिसलं नव्हतं.

तिच्याकडे पुस्तकांचा ढीग आहे आणि ती दाखवते मनापासून. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिने 1939 मध्ये स्वतःला दोनदा एकाच बाकावर बसवलं: एकीच्या अंगावर युरोपीय पांढरा पोशाख, दुसरीच्या अंगावर मेक्सिकोतला तेहुआना पेहराव, आणि दोघींची काळजं एका शिरेने जोडलेली. ते पान मी बराच वेळ उघडं ठेवलं. मग आपले चित्रकार भूपेन खख्खर. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, 1962 मध्ये बडोद्याला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या 1981 च्या चित्रात बाल्कनीत एक उघडा माणूस पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट चाललीय. ते आता लंडनच्या टेटमध्ये आहे. तोंड न दाखवताही माणूस स्वतःला केवढा उघडा करू शकतो, हे मला त्या चित्रापाशी कळलं.

मध्ये एका रविवारी मुद्दाम फतेहसिंह म्युझियमला जाऊन रविवर्म्यांची व्यक्तिचित्रं पुन्हा पाहिली. सयाजीराव महाराजांना 1881 मध्ये पूर्ण अधिकार मिळाले त्या सुमारास रविवर्मा इथे आले. मोती, जर, रेशीम यांवर त्यांचा हात अद्भुत चालतो. पण त्या चित्रांतली माणसं आपल्या पदासकट बसलेली आहेत. मला पद नाही, आणि हिला ते नकोही होतं.

आता चित्राबद्दल. उजवी भुवई वर आहे आणि खालचा ओठ आत आहे, एकाच चेहऱ्यावर दोन्ही. कपाळावर कुंकू नाही, पण मधोमध खालच्या थराचा तांबूस रंग तिने मुद्दाम झाकला नाही. जवळ गेलं तरच दिसतो. वळी आहे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आहेत. धाकट्याला चित्र आवडलं नाही, ‘‘आई एवढी करडी नाहीये,’’ म्हणाला. थोरली बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, आजी आली यात. मी तिला कुंकवाचं काही सांगितलेलं नव्हतं. माझ्या मते पैसे वसूल.

तक्रारीही आहेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्ची कडक आहे, पाठीला उशी घरून न्यावी. टर्पेंटाइनचा वास सहन होत नसेल तर आधीच सांगा, ती खिडक्या उघड्या ठेवते. ठरलेल्या वेळेत चित्र मिळेल या भरवशावर समारंभ ठरवू नका. चेहरा मनासारखा नाही म्हणून माझा एकदा पूर्ण खरवडून काढला होता. गोरं, तरुण, हसरं दिसायचं असेल तर जाऊच नका, आधी काम दाखवून बदल सुचवायची सोय नाही. वॉर्निश सहाएक महिन्यांनी, रंग आतपर्यंत सुकल्यावर होतं. त्याचे वेगळे पैसे घेत नाही, चित्र मात्र आपणच परत वर न्यायचं.