कॅसेटवाला गेम की प्लेस्टेशन ५?

गणपतीला मालवणला आलेला मामेभाऊ अडलाय: माळ्यावरचा कॅसेटवाला गेम दुरुस्त करावा, की प्लेस्टेशन ५ घ्यावा?

खर्चाचं सांगायला नको. जुन्याला अडॅप्टर आणि रिमोट, नव्याला पन्नास हजारांच्या आसपास, गेम वेगळे.

खारी हवा दोघांचीही वैरी. कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवर थर चढतो. आम्ही फुंकर मारायचो, ते चुकीचंच. तोंडातल्या ओलाव्याने त्या आणखी गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. नव्याचा पंखा तर तीच हवा आत ओढतो.

लाइट गेली की १९८५चा मारिओ पहिल्यापासून, कारण त्यात सेव्हची सोयच नाही. नव्यात सेव्ह आहे, पण एखादा गेम शंभर जीबीच्याही वर जातो. गावच्या नेटवर बसा वाट बघत.

आणि आवड? पूर्वी अख्खी दुपार काँट्रा या जुन्या गेममध्ये जायची. आता लांबलचक मिशनमध्ये मला पेंग येते, वीस मिनिटं पुरतात. मात्र जुन्याची मजा शेजारी भाऊ बसला तरच. एकट्याने दोन संध्याकाळी, मग कंटाळा.

सुट्टीत चुलतभावंडांसोबत खेळायचं असेल तर जुनाच घे. मुंबईत रोज रात्री एकट्याने, कथेत रमून खेळणार असशील तर नवा, आणि तो तिथेच ठेव.