डीपीएफ पुन्हापुन्हा चोक होतोय: रिजन मारत राहायचं की उतरवून धुवायचा?

डीपीएफ म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. डॅशबोर्डवरचा त्याचा तो ठिपक्यांनी भरलेल्या डब्याचा पिवळा दिवा ज्यांना एकदाच दिसलाय, त्यांनी हे नाही वाचलं तरी चालेल. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एक गियर खाली ठेवून गाडी पळवा, बहुतेक वेळा जातो. मी लिहितोय ते दिवा घालवून आल्यावर तीन आठवड्यांत तो परत बघणाऱ्यांसाठी. माझी गाडी २०२० ची, बीएस-६ च्या पहिल्या खेपेतली डिझेल. नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास तिने हे सुरू केलं. रोजचा रस्ता पुण्यातला, वारजे ते हिंजवडी. सकाळी नऊ वाजता भूमकर चौकातून ज्यांनी गाडी काढली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

अशा वेळी खरे पर्याय दोनच उरतात. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून फोर्स्ड रिजन करायचं, म्हणजे फिल्टर तापवून आतली काजळी जाळायची, लागेल तेव्हा लागेल तितक्यांदा. नाहीतर फिल्टर उतरवून बाहेर साफ करून घ्यायचा. मी पहिला मार्ग तीनदा धरला, दुसरा एकदा. त्यामुळे माझं मत समतोल असेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण रिजनवर अन्याय करणार नाही.

रिजनचा मोठा गुण म्हणजे गाडीचा एक नट हलत नाही. सकाळी सोडली, दुपारी हातात. वॉरंटी शिल्लक असेल तर दुसरा विचारही करू नये, तीच वाट. इंजिन गरम करतात, टाकीत पुरेसं डिझेल आहे ना बघतात, मग स्कॅनर आरपीएम चढवून जादा डिझेल सोडतो, फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं आणि काजळी जळते. बाहेर आल्यावर पिकअप असा की वाटतं, उगाच घाबरलो. काजळी फारच साचली असेल तर मात्र सॉफ्टवेअर नकार देतं, आणि ते बरोबर आहे. एवढी काजळी एकदम पेटली तर आतली सिरॅमिकची जाळी तडकू शकते.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हमधून, थेंबाथेंबाने, वर्षानुवर्षं. म्हणून तर या गाड्यांना कमी राखेचं, सी३ वगैरे रेटिंगचं ऑइल सांगतात, आणि म्हणूनच कोपऱ्यावरच्या दुकानातलं 'सगळ्या डिझेलला चालतं' वालं घालू नये. नव्वद हजारांनंतर फिल्टरची थोडी जागा राखेने कायमची व्यापलेली असते. रिजन कितीही मारा, ती जागा परत मिळत नाही. हे मला आधीही माहीत होतं. तरी तीनदा रिजन केलं, कारण बिल छोटं होतं.

माझा निर्णय फिरला तो डिपस्टिकमुळे. दुसऱ्या रिजननंतर सहज ऑइल बघितलं तर पातळी वरच्या खुणेच्याही वर. आधी वाटलं, सर्व्हिसवाल्याने जास्त ओतलं असेल. बोटावर घेऊन वास घेतला तर चक्क डिझेल. रिजनसाठी जे जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडतात, त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. रिजन पूर्ण झालं तर फारसं बिघडत नाही. गाडी चालताना आपोआप होणारं रिजन चालू होऊन अर्ध्यावर सुटत राहिलं तर दर वेळी थोडी भर. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बो फिरतोय हा विचार एकदा डोक्यात शिरला की गाडीत गाणी ऐकवत नाहीत. ऑइल मुदतीआधी बदललं. तिसऱ्या रिजननंतर पुन्हा तेच. रिजन स्वस्त वाटतं ते ऑइलचं बिल वेगळ्या कागदावर येतं म्हणून. तीन रिजन आणि दोन जादा ऑइल चेंज यांची बेरीज केली तर एका धुलाईपेक्षा जास्तच भरली, निदान माझ्या बाबतीत. मनस्ताप वेगळा. दर रविवारी डिपस्टिक पुसत उभं राहायचं, आणि शेजाऱ्यांनी विचारायचं, 'नवी घेतली ना हो ही?'

मग नऱ्ह्याजवळच्या एका गॅरेजात फिल्टर उतरवायचं ठरवलं. तिथल्या माणसाची पहिली अट अशी की चोक का होतोय ते कळल्याशिवाय तो फिल्टरला हात लावणार नव्हता. मला ते वेळकाढूपणाचं वाटलं. लॅपटॉप जोडून तो शेजारी बसला आणि आम्ही खेड शिवापूरच्या दिशेने निघालो. बायपासला ऐंशीच्या वेगात कूलंटचं तापमान अडुसष्ट. परत येताना नवले पुलाच्या गर्दीत अडकलो तर ऐंशीच्या वर. इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. डॅशबोर्डवरचा काटा या सगळ्यात मध्यावर निवांत उभा. मधल्या मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही.

म्हणजे 'हायवेला काढ, मोकळा होईल' हा जो सल्ला मी वर्षभर पाळत होतो, टोल भरून शिरवळपर्यंत नुसतं जाऊन यायचो, तो माझ्या गाडीला उलटा लागू पडत होता. हायवेला वेग मिळायचा पण वाऱ्याने इंजिन इतकं थंड व्हायचं की रिजन सुरूच होत नव्हतं. शहरात इंजिन गरम व्हायचं पण वेग नसायचा. सुरू झालं तरी पुढच्या सिग्नलला सुटायचं. तीनदा रिजन करणाऱ्यांना हे दिसलं नाही यात त्यांचाही पूर्ण दोष नाही. उभ्या गाडीत आरपीएम चढवून ठेवला की कूलंट व्यवस्थित तापतं, सगळं ठीक दिसतं. तुमच्या गाडीत दुखणं वेगळं असेल: ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला, एखादा इंजेक्टर गळका, किंवा प्रेशर सेन्सरच्या रबरी नळीला चीर. इंजिन बंद, इग्निशन चालू असताना तो सेन्सर शून्याच्या जवळपास दाखवतो का, एवढं तरी बघायला लावा.

धुलाईचे त्रासही सांगायला हवेत. गाडी तीन दिवस नव्हती. एक्झॉस्टचे बोल्ट गंजलेले, त्यातला एक तुटला. तापमानाचा सेन्सर उपटताना त्याचा आटा गेला असता तर आणखी खर्च होता, थोडक्यात वाचलो. गॅस्केट नवे लागतातच. आणि साफ केल्यावर स्कॅनरने सॉफ्टवेअरमधली राखेची नोंद शून्यावर आणावी लागते, नाहीतर गाडी फिल्टर भरलेलाच समजते. शिवाय 'साफ करतो' म्हणणारे सगळे सारखे नसतात. काही जण प्रेशर वॉशरने नळाचं पाणी मारून हातात देतात. तीव्र ॲसिड वापरलं तर आतला मौल्यवान धातूंचा थर खराब व्हायची भीती. मी गेलो तिथे भट्टीत भाजून, उलट्या बाजूने हवा मारून, पूर्ण वाळवून दिला. खाली पडलेली राख करड्या रंगाची, पिठासारखी होती. काळी असेल असं मी धरून चाललो होतो.

याला आठ महिने झाले. पूर्वी शंभर-सव्वाशे किलोमीटरला गाडी रिजन मागायची, आता तीनशेच्या पुढे जाते. थांबल्यावर पंखा घरघरत राहिला की रिजन चालू होतं हे समजतं. ऑइलची पातळी हललेली नाही.

नवा फिल्टर हा पर्याय जाळी तडकली असेल तरच. माझ्या गाडीसाठी जी किंमत सांगितली ती ऐकून मी विषय बदलला. आणि 'आतून रिकामा करून, सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणणारे भेटतीलच, बहुतेक सगळ्यात आधी तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा फेरफार बसत नाही, आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या नाकात धूर सोडायचा तो वेगळा.

तुमची गाडी साठ हजारांच्या आत असेल, ऑइल चढत नसेल, तर एकदा रिजन करून बघायला हरकत नाही. कदाचित तेवढ्यावर भागेल. माझंही भागलं असतं, पहिल्याच वेळी कुणी गाडी चालवून कूलंटचा आकडा बघितला असता तर. राखेचा प्रश्न तेवढा वर्षभर पुढे गेला असता. धुवायला नेणार असाल तर गाडी सोडण्याआधी विचारा, उतरवलेला फिल्टर बघायला मिळेल का, आणि साफ करण्याआधीचं-नंतरचं बॅकप्रेशर, म्हणजे फिल्टर धुराला किती अडवतो तो आकडा, लिहून देणार का. 'कशाला पाहिजे तुम्हाला ते' असं उत्तर आलं तर गाडी परत फिरवा. त्यांच्याकडे धुण्यापेक्षा चौथं रिजन परवडलं.