सातबारावर नाव लागलं, पण प्लॉट कुठे आहे?

मांजरी, वाघोली, लोहगाव, नऱ्हे, किरकटवाडी, उरुळी कांचन. पुण्याच्या कडेच्या कुठल्याही गावात गाडी घातली की तोच फलक दिसतो: 'एक गुंठा, सातबारावर नाव, शून्य टक्के व्याज, सुलभ हप्ते.' यातला एकही शब्द खोटा नसतो आणि खरी गोम तिथेच आहे. सातबारावर नाव खरंच लागतं. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत खरंच होतं, मुद्रांक शुल्क भरलं जातं, अंगठे आणि फोटो होतात. तरीही काही वर्षांनी घर बांधायला गेलेल्या माणसाला कळतं, की ज्या जागेवर उभं राहून त्याने पैसे मोजले, ती जागा त्याला कोणी विकलेलीच नव्हती.

शहर वाढतंय, फ्लॅट हाताबाहेर गेलाय. २०१७ मध्ये ११ गावं आणि ३० जून २०२१ ला आणखी २३ गावं महापालिकेत आली, तशी त्यांच्या पलीकडच्या गावांतली शेतंही 'प्लॉटिंग'ला निघाली. घेणारे बहुतेक जण भाड्याच्या खोलीत राहणारे, गावाकडची जमीन किंवा घरातलं सोनं मोडून आलेले. त्यांचा पैसा बुडतो तेव्हा पुन्हा उभारी धरायला दुसरं काही उरलेलं नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी ही फसवणूक चालते कशी ते बघा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्रापेक्षा कमी शेतजमीन वेगळी काढून विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार ही मर्यादा बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. शेतजमिनीच्या एका गुंठ्याची खरेदी सहसा नोंदवली जात नाही. मग एजंट दहा माणसं गोळा करतो आणि दहा-अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत सगळ्यांच्या नावाने करतो. दस्तात लिहिलेलं असतं, 'गट नंबर अमुक, त्यापैकी १० आर क्षेत्र, सामाईक व अविभक्त हिश्श्याने' (एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा). खाली चतुःसीमा दिलेली असते, पण ती दहा गुंठ्यांची किंवा अख्ख्या गटाची. तुमच्या प्लॉटची नव्हे.

मग तुमचा प्लॉट, समजा नंबर १७, कुठे असतो? एका वेगळ्या कागदावर. संगणकावर काढलेला रंगीत नकाशा, त्यावर रस्ते, झाडं, बाग, आणि पेनाने टिक केलेली एक चौकट. एजंट त्यावर सही-शिक्का मारून देतो. त्या कागदाला कुठल्याही कार्यालयात किंमत नाही. प्लॉट १७ भूमी अभिलेखाच्या दप्तरात नाही, नगररचनेत नाही, तलाठ्याकडे नाही. तो फक्त त्या कागदावर आणि शेतातल्या चुन्याच्या रेघांत आहे. पहिल्या पावसात रेघा धुऊन जातात. सिमेंटचे खांब एका रात्रीत दहा फूट सरकवता येतात, आणि सरकवल्याचं सिद्ध करायला तुमच्याकडे काहीही नसतं.

फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, मंजूर होऊन आलेला सातबारा नीट वाचा. खातेदारांची नावं एकाखाली एक असतात. हिस्सा वेगळा असेल तर प्रत्येक नावासमोर क्षेत्राचा आकडा असतो. सामाईक खात्यात सगळ्या नावांसाठी क्षेत्र एकदाच दाखवलेलं असतं. समजा नावासमोर ०.०१.०० असा आकडा आलाच, तरी तो फक्त सांगतो की या गटात तुमचा एक आर हिस्सा आहे. गटाच्या कोणत्या कोपऱ्यात, हे सातबारा कधीच सांगत नाही. जागा नकाशा सांगतो, आणि नकाशा मोजणीनंतरच तयार होतो.

मोजणीसाठी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे अर्ज करावा लागतो. मोजणी झाली की हद्दी दाखवणारी 'क' प्रत मिळते. पण सामाईक गटातल्या एका माणसाच्या अर्जावर त्याचा एक गुंठा वेगळा दाखवला जात नाही. आधी वाटप हवं, त्यासाठी सगळे सहधारक हवेत, आणि मर्यादेपेक्षा लहान तुकड्याचं वाटप त्याच तुकडेबंदीत अडकतं. ज्या कायद्याला वळसा घालून खरेदी झाली, तोच कायदा पुढे दार अडवून उभा राहतो. अख्ख्या गटातल्या चाळीस सहधारकांपैकी कोणी परदेशी, कोणी मयत, त्याच्या वारसांची नोंद नाही, कोणी हिस्सा तिसऱ्याला विकलेला. अशा खात्यात हद्दीवर एकमत होणं जवळपास अशक्य असतं. एकच कोपऱ्याचा प्लॉट दोघांना दाखवून विकला जातो तो याच आडोशाने. दोघांचेही दस्त खरे, आणि दोघांच्याही दस्तात तो कोपरा नाही.

'आता तुकडेबंदी उठली, काळजी नको,' हे वाक्य हल्ली प्रत्येक साईटवर ऐकायला मिळतं. २०२५ मध्ये नागरी भागातले जुने छोटे व्यवहार नियमित करण्यासाठी कायद्यात सवलत दिली गेली, हे खरं आहे. पण व्यवहार नियमित होणं वेगळं, आणि त्या तुकड्यावर बांधकाम परवानगी मिळणं वेगळं. परवानगीसाठी मंजूर रेखांकन (लेआउट) लागतं, रस्ता लागतो, जमीन निवासी झोनमध्ये असावी लागते. हीच गोष्ट गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या प्लॉटांची. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी. आज पाडलेल्या प्लॉटला 'गुंठेवारीत नियमित करून देतो' असं कोणी म्हणत असेल, तर त्याला ही तारीख विचारा.

आता मापाची फसवणूक. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ फूट बाय ३३ फूट. एजंट म्हणतो, 'गुंठा रस्त्यासह आहे.' म्हणजे माप २० फुटी रस्त्याच्या मध्यापासून धरलेलं असतं. समोरचे दहा फूट रस्त्यात गेले की हातात उरतात २३ बाय ३३, म्हणजे ७५९ चौरस फूट. तीस टक्के गेले. गुंठ्याचे सहा लाख धरले, तर तुम्हाला वाटतं दर साडेपाचशे रुपये फूट पडला. प्रत्यक्षात तो ७९० पडतो. टेप स्वतः घेऊन जा आणि रस्त्याच्या कडेपासून मोजा.

हाच हिशोब अख्ख्या शेतावर करून बघा, मंजुरीचं खरं-खोटं तिथेच कळतं. एक एकर म्हणजे ४० गुंठे. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे निवासी लेआउटमधला अंतर्गत रस्ता १५० मीटर लांबीपर्यंत किमान ९ मीटर रुंद लागतो, म्हणजे साधारण साडेएकोणतीस फूट. ४००० चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर त्यात बसतो. चार गुंठे मोकळ्या जागेत, चौकोनी एकरात मधोमध एकच रस्ता काढला तरी साडेपाच-सहा गुंठे रस्त्यात. विकायला उरतात तीसच्या आसपास. त्यामुळे एकरात एक-एक गुंठ्याचे ३८ किंवा ४० प्लॉट विकले जात असतील, तर ते रेखांकन कोणीही मंजूर केलेलं नाही. नकाशावर रस्ता २० फुटी लिहिला असेल, तर पुढचं ऐकण्यात वेळ घालवू नका.

दुसरी सरळ कसोटी रेराची, म्हणजे घरं-प्लॉट विकणाऱ्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याची. ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर सामान्यतः महारेराची, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही द्यावा लागतो. तो कोड तिथेच मोबाइलने स्कॅन करा. गट नंबर, गाव आणि प्लॉटची संख्या जुळते का ते बघा. शेजारच्या गटाची नोंदणी दाखवून या गटातले प्लॉट विकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

'एनए', म्हणजे बिगरशेती, हा शब्द तर इतका वापरून झालाय की त्याला अर्थच उरला नाही. 'एनए होणार', 'एनएला टाकलंय', 'प्रोव्हिजनल एनए' यांपैकी काहीही म्हणजे एनए नव्हे. मंजुरीतही दोन टप्पे असतात. आधी तात्पुरतं रेखांकन, मग जागेवर रस्ते व मोकळी जागा आखून मोजणी झाल्यावर अंतिम रेखांकन. मागायचा तो अंतिम रेखांकनाचा नकाशा, मंजुरी क्रमांक आणि तारखेसह, आणि त्याची खातरजमा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा महापालिकेत जाऊन करायची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती ही कर आकारणीची कागदं आहेत. त्यांनी मालकी सिद्ध होत नाही, आणि पीएमआरडीएच्या हद्दीत ग्रामपंचायतीच्या परवानगीवर बांधलेलं घर अनधिकृतच ठरतं.

झोनच्या नकाशात अलीकडे एक नवी चलाखी सुरू आहे. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. त्या आराखड्याच्या पिवळ्या रंगाच्या, म्हणजे निवासी विभागाच्या, झेरॉक्स आजही फोल्डरमध्ये घालून दाखवल्या जातात. मोबाइलवरचा फोटो किंवा झेरॉक्स यावर विसंबू नका. गट नंबर टाकून स्वतःच्या अर्जावर झोन दाखला काढा. त्यातच डोंगरमाथा-डोंगरउतार, पूररेषा, प्रस्तावित रिंगरोड हेही विचारून घ्या. तळवडे-निगडी बाजूला असाल तर देहूरोड दारूगोळा कोठाराभोवतीचा २००० यार्डांचा रेड झोन, म्हणजे बांधकामबंदीचा पट्टाही तपासा.

ज्यांच्या घरात कोणाच्याच नावावर शेती नाही, त्यांनी एक गोष्ट फार जपावी. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'शेतकरी दाखला आम्ही काढून देतो, पंधरा हजार वेगळे' अशी सोय एजंट सुचवतो. कुठल्यातरी दूरच्या गावातल्या आडनावबंधूचा सातबारा जोडून तो दाखला तयार होतो. उघडकीस आलं तर कलम ८४-क खाली व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि खोट्या कागदावर सही तुमची असते, एजंटची नसते.

विकणाराही तपासायला हवा. दस्तावर सही बहुधा कुलमुखत्यारधारकाची, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करणाऱ्याची असते. मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, रद्द झालेलं नाही ना, ते देणारा मालक हयात आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड हवं. 'बहिणींचं काही म्हणणं नाही' हे तोंडी उत्तर धरून चालू नका. त्यांचा दावा आला की तुमचा गुंठा कोर्टात जातो. सातबाराच्या वरच्या भागात भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं, किंवा इतर हक्कांत कुळ, बँकेचा बोजा, पुनर्वसनासाठी राखीव असं काही दिसलं, तर वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

आणि टोकनच सगळ्यात घातक. रविवारी गाडीने नेतात, जेवण देतात, 'संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय' म्हणतात, आणि ५१ हजार रोख घेतात. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम जमिनीसाठी रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. रोखीचा आग्रह धरणाऱ्याला पुढे व्यवहार नाकारायची सोय हवी असते. नोटरी केलेलं 'साठेखत', म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार, तर अजिबात स्वीकारू नका. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीचा लाल शिक्का कितीही भारदस्त दिसला, तरी त्याने जमीन हस्तांतरित होत नाही.

यातलं बरंचसं घरबसल्या बघता येतं. महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. 'आपली चावडी'वर त्या गावातले प्रलंबित फेरफार दिसतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि गट नंबर टाकला की त्या गटाच्या इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे सारांश, दिसतात. विकलेल्या गुंठ्यांची बेरीज करून ती सातबारावरच्या क्षेत्राशी ताडून बघा. विकलेले जास्त भरले तर विषय तिथेच संपला. मालकीचा तीस वर्षांचा शोध मात्र वकिलाकडूनच घ्या, आणि वकील एजंटने सुचवलेला नको. कर्ज नको असलं तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत त्या प्लॉटवर कर्ज मिळेल का एवढं विचारून या. बँकेचा वकील जे कागद मागेल, तेच तुम्हाला हवेत. एजंट 'आमच्याकडे बँकेची भानगडच नाही, बिनव्याजी हप्ते आहेत' असं का म्हणतो, ते तेव्हा कळतं.

रस्त्यासाठी गाव नकाशा बघा. मुख्य रस्त्यापासून गटापर्यंतची वाट नकाशावर नसेल आणि नोंदणीकृत वहिवाटीचा हक्कही नसेल, तर आज दिसणारा मुरमाचा रस्ता शेजाऱ्याच्या शेतातून जातोय. प्लॉट विकून संपले की शेजारी तिथे दगड टाकतो, आणि तो त्याच्या हक्कातच असतो.

ज्यांचे पैसे आधीच अडकलेत, त्यांनी पुढचे हप्ते देण्याआधी लेखी पत्राने मंजूर रेखांकनाची प्रत मागावी. ते पत्र स्पीड पोस्टाने जाऊ द्या. पोच आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश, जाहिरातीचे फोटो, तो टिक केलेला रंगीत नकाशा, सगळं जपून ठेवा. फसवणूक दाखवायला तोच रंगीत कागद उपयोगी पडतो. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची तक्रार महारेराकडे करता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार होते, व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुनं ४२० लागतं. 'हा दिवाणी वाद आहे' म्हणून ठाण्यातून परत पाठवलं, तर तोच अर्ज पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.

आणि स्वतःचं खरेदीखत पुन्हा उघडा. त्यात तुमच्याबरोबर आणखी नऊ नावं आणि नऊ पत्ते आहेत. ती माणसं शोधा, एकेकाच्या घरी जा. दहाही जणांनी एकत्र सह्या केल्या तर त्या दहा गुंठ्यांच्या मोजणीसाठी अर्ज करता येतो. गटातले बाकीचे सहधारक आणि जागेवरचा ताबा आड आला नाही, तर निदान त्या दहा गुंठ्यांच्या हद्दी तरी सरकारी नकाशावर येतात.